हात आमचे, सही कुणाची?

हुपरीत पैंजण कसं तयार होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना आमचा मुद्दा लगेच कळेल. चांदी एका घरी आटते, तार दुसरीकडे ओढली जाते, कड्या तिसऱ्या घरात बाया गुंफत बसतात. डाग देणारा वेगळा, घुंगरू बसवणारा वेगळा, झिलई करणारा वेगळा. पाच-सहा घरांतून फिरून पैंजण पेढीवर जातं आणि तिथं त्याच्यावर शिक्का बसतो. शिक्का पेढीचा असतो. ज्या बाईचे डोळे कड्या गुंफून अधू झाले, तिचं नाव त्या पैंजणावर कुठंच नसतं. घडवणारा एक आणि शिक्का मारणारा दुसरा, हा या देशाचा जुना कायदा आहे. तो कुठल्या पुस्तकात लिहिलाय हे आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

हाच कायदा आता विमानालाही लागू झालाय, म्हणून हा लेख.

आमच्याच भागातला, आमच्याच समाजातला एक भाऊ. नाव सांगत नाही, कारण त्याच्यासारखे बरेच आहेत. बारावी सायन्स झाल्यावर खुल्या स्पर्धेतून वायुसेनेत भरती झाला. एअरफ्रेम फिटर म्हणून २० वर्षं लढाऊ विमानं सांभाळली. हायड्रॉलिक्सची गळती कुठून होते, पंखाच्या पत्र्याला आलेली केसाएवढी चीर कशी शोधायची, लँडिंग गिअर कसा बदलायचा, हे सगळं त्याला झोपेतही येतं. सार्जंट होऊन चाळिशीच्या आत घरी आला. गावात मिरवणूक निघाली, डीजे लागला, फुलं उधळली, बॅनरवर फोटो झळकला. आठ दिवसांनी बॅनर उतरला आणि भाऊ नोकरी शोधायला निघाला.

एका कारखान्यात गेला. तिथल्या साहेबांनी कागद उलटेपालटे करून विचारलं, "इंजिनिअरिंगचा डिप्लोमा आहे?" नव्हता. "मग विमानाचं लायसन्स?" तेही नव्हतं. साहेब हसून म्हणाले, "हरकत नाही. तुम्ही फौजेतले, शिस्तीचे माणूस. सिक्युरिटी सुपरवायझरची जागा आहे." भाऊ घरी आला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या मावशी त्याच्या आईसमोर म्हणाल्या, "वीस वर्सं इमानं दुरुस्त केलीस, आन् आता गेटवर हुबा ऱ्हायाचं व्हय रं?"

मावशींच्या त्या प्रश्नाचं उत्तर सरकारकडे नाही, कंपन्यांकडे नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या चळवळीकडेही नाही.

वेसकराची काठी पुन्हा हातात

कुठलीही मेहनत हलकी नसते हे आम्ही मानतो. गेटवर १२ तास उभं राहून घर चालवणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला आदर आहे. प्रश्न त्याच्या कामाचा नाही. सैनिक म्हटला की निवृत्तीनंतर पहारेकरी, हे समीकरण कुणी ठरवलं, हा प्रश्न आहे. माजी सैनिकांच्या पुनर्वसनाची सरकारी यंत्रणाच सुरक्षा एजन्सींना मान्यता देते आणि माणसं त्या वाटेनं पाठवते. २० वर्षं रडार सांभाळणाऱ्याला काठी, इंजिन उघडून जोडणाऱ्यालाही काठी.

इतरांच्या दृष्टीनं ही फक्त गैरसोय असेल. आपल्यासाठी तो इतिहास आहे. गावाच्या वेशीवर रात्रभर जागायचं, परक्याला अडवायचं, पाटलाचा निरोप पोचवायचा आणि बदल्यात भाकरतुकडा घ्यायचा, हे वेसकराचं काम आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या केलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतन मोडलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यासाठी विधेयक मांडलं. त्या काठीतून सुटायला आपल्याला पिढ्या लागल्या. आता तीच काठी चकचकीत गणवेशासह, पगारपत्रकासह परत हातात दिली जाते आणि वर सांगितलं जातं, "तुमच्यात शिस्त आहे हो!" शिस्त आहेच. पण शिस्तीबरोबर हुन्नरही आहे. तो का दिसत नाही?

सहीचं राजकारण

वायुसेनेतला अनुभव नागरी विमान क्षेत्रात सरळ का चालत नाही, हे आपल्या पोरांनी नीट समजून घेतलं पाहिजे. नुसतं "अन्याय झाला" म्हणून भागत नाही.

वायुसेनेत विमानावर काम झालं की फॉर्म ७०० मध्ये नोंद होते आणि फिटर सही करतो. त्या सहीला वजन असतं, पण ते वजन त्याच्या हुद्द्याचं आणि युनिटचं असतं. गणवेश उतरला की ते युनिटमध्येच राहतं. नागरी विमान क्षेत्रात उलटं आहे. तिथं 'हे विमान उडायला योग्य आहे' असं लिहून सही करणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या नावाचं लायसन्स लागतं. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ते देतं. त्याचे नियम सीएआर-६६ या नावानं ओळखले जातात. त्यात 'ए', 'बी-१', 'बी-२', 'सी' असे वर्ग आहेत. 'ए' म्हणजे ठराविक साधी कामं. 'बी-१' म्हणजे सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत यंत्रणा. 'बी-२' म्हणजे एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. गणित, भौतिकशास्त्रापासून मानवी चुका आणि विमान कायद्यापर्यंतच्या विषयांच्या परीक्षा, वर प्रत्यक्ष कामाचा अनुभव. मग त्या त्या विमानाच्या प्रकाराचं वेगळं प्रशिक्षण आणि शेवटी कंपनीचं अधिकारपत्र.

लायसन्स नसलेला माणूस हँगरमध्ये काम करू शकतो. स्क्रू काढील, पत्रा बसवील, ग्रीस भरील. पण विमान सोडायची सही दुसऱ्याची. पगारही दुसऱ्याचा मोठा. पैंजण आणि पेढी आठवली ना?

विमानाच्या सुरक्षेसाठी लायसन्स हवंच. तो नियम मोडा असं आम्ही म्हणत नाही. शेकडो लोकांचा जीव त्या सहीवर असतो. आमची तक्रार वेगळी आहे. नागरी क्षेत्राबाहेरचा देखभालीचा अनुभव समकक्ष असेल तर तो धरता येतो, त्याला नागरी विमानावरच्या जादा अनुभवाची जोड हवी, ही तरतूद या नियमांच्या चौकटीतच आहे. दार आहे. पण त्या दारापर्यंत जाण्याचा रस्ता दाखवणारा कुणी नाही. आमच्या भावाकडे डिस्चार्ज बुक होतं. कोणत्या विमानावर कोणती कामं किती वेळा केली, याची नागरी खात्यापुढे ठेवता येईल अशी कामनिहाय नोंद त्याच्याकडे नव्हती. २० वर्षांत कुणी त्याला ती ठेवायला सांगितलं नाही. आणि निवृत्तीनंतर जादा अनुभव घ्यायला नागरी हँगरमध्ये उभं कोण करणार? तिथं ओळख लागते. आपल्या पोरांची हँगरमध्ये ओळख कुठली?

ज्यांच्या घरात वडील अधिकारी, मामा एअरलाइनमध्ये, त्यांची पोरं नोकरीत असतानाच परीक्षांचे पेपर सोडवतात, कारण जेवताना घरात तोच विषय असतो. आपल्या पोराला निवृत्तीच्या महिन्यात कळतं. माहिती ही सुद्धा वतनासारखीच वारशानं जाते. जातीची भिंत आजकाल "चले जाव" म्हणत नाही. ती नुसती गप्प बसते.

बाबासाहेबांनी हे काम आधीच करून दाखवलंय

आपल्या समाजाला सैन्यानं काय दिलं, हे विसरू नका. गोपाळबाबा वलंगकर हवालदार होते. पेन्शन घेऊन आले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या शाळेनं आणि त्या पेन्शनीनं जे घर उभं राहिलं, त्या घरात बाबासाहेब वाढले. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा नोकरीबरोबर शिक्षणाचं दारही बंद झालं. म्हणून वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली केला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती या लढ्याची परिणती होती. त्याच बेळगावजवळ सांबऱ्याला आज वायुसैनिकांचं प्राथमिक प्रशिक्षण होतं. आपली पोरं तिथं परेड करतात तेव्हा पायाखालची जमीन कुणाची आहे, हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

पण बाबासाहेब भरतीवर थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी सरकारला स्पष्ट बजावलं होतं की अस्पृश्यांच्या मुलांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळालं पाहिजे, नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी त्यांचं भागणार नाही. सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा त्यांनी मागितल्या. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. आणि महायुद्ध संपत आलं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, त्यांच्याच मजूर खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय सुरू झालं. कशासाठी? सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या सैनिकांना आणि युद्धाच्या कारखान्यांतल्या कामगारांना नागरी जीवनात काम मिळावं म्हणून. आजची रोजगार विनिमय केंद्रं त्या झाडाची फळं आहेत. पुढं १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आपली आयटीआय, याच महासंचालनालयाच्या हाताखाली उभी राहिली.

म्हणजे फौजेतून नागरी कामात जाण्याची वाट सरकारनं बांधायची असते, हा विचार या देशात नवा नाही. बाबासाहेबांच्या खात्यानं तो अमलात आणला होता. आज जे म्हणतात "निवृत्तीनंतर ज्यानं त्यानं आपलं बघावं", त्यांनी तो १९४५ सालचा फलक एकदा वाचावा.

कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. गंगाराम कांबळे दरबाराच्या पागेत नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि एवढ्यावर न थांबता स्वतः तिथं चहा प्यायला गेले. महाराजांना ठाऊक होतं की नुसती परवानगी पुरत नाही. अधिकाराच्या जागी बसलेल्यानं येऊन उभं राहावं लागतं, तेव्हा बाकीचे येतात.

चार वर्षांचा हिशेब

२० वर्षंवाल्याचे हे हाल. मग चार वर्षंवाल्याचं काय?

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. डिसेंबर २०२२ मध्ये वायुसेनेत अग्निवीरांची पहिली तुकडी दाखल झाली. तिची चार वर्षं २०२६ च्या डिसेंबरात भरतात. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. बाकीच्यांना सेवानिधी म्हणून सुमारे ११.७१ लाख रुपये, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांच्याच पगारातून कापलेली. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. तो दर्जा नाही म्हणजे केंद्राच्या 'क' गटातल्या १० टक्के माजी सैनिक जागांवरही हक्क नाही.

चारातून प्रशिक्षणाचा काळ वजा करा. उरलेल्या काळात विमानावर हात किती चालणार? लायसन्सच्या नियमांत मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण नसेल तर 'बी-१'साठी वर्षानुवर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेर असलेला पोरगा अर्धवट हुन्नर घेऊन घरी येणार. खासगी संस्थेत लायसन्सचा अभ्यासक्रम करायचा, वर एखाद्या विमानाचं प्रकार-प्रशिक्षण घ्यायचं, तर सेवानिधीला मोठं भोक पडणार. आणि घरी बहिणीचं लग्न, सावकाराचं देणं, गळकं छप्पर त्या ११ लाखांकडे आधीच डोळे लावून बसलेलं असणार.

"देशसेवेचा हिशेब करता?" असं आम्हाला विचारलं जाईल. होय, करतो. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या फुकट राबवून घेतलं, त्यांनी हिशेब नाही मागायचा तर कुणी मागायचा?

आरक्षण कुठं संपतं ते बघा

सैन्यदलाच्या भरतीत जातीवर आधारित आरक्षण नाही. आपला पोरगा तिथं खुल्या स्पर्धेतून जातो. जे लोक उठता-बसता 'मेरिट'चं भजन म्हणतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. तो बाहेर पडतो तेव्हा विमान क्षेत्र जवळजवळ सगळं खासगी झालेलं असतं. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली. देशातली सर्वांत मोठी सरकारी विमान कंपनी खासगी झाली आणि तिच्यातलं आरक्षण संपलं. वडोदऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ या लष्करी विमानाचा कारखाना सुरू झाला, तोही खासगी. एअर इंडियाच्या विक्रीतून वगळलेली, अजून सरकारी असलेली देखभाल कंपनी नागपूरच्या मिहानमध्ये मोठी विमानं दुरुस्त करते. तीही विकायला काढलेली आहे.

नागपूरचा विचार करा. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात. मिहानचं दुरुस्ती केंद्र नागपुरात. आणि दीक्षाभूमीही नागपुरात. दरवर्षी लाखो माणसं तिथं जातात, पुस्तकं घेऊन परततात. त्यातल्या किती पोरांना माहीत असतं की याच शहरात विमानं उघडून जोडली जातात आणि तिथं सही करणाऱ्या माणसांची गरज आहे?

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून विमान दुरुस्तीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. जुलै २०२४ पासून सुट्या भागांवरही एकसारखा ५ टक्के कर. उद्योग वाढावा म्हणून जनतेच्या तिजोरीतून दिलेली ही सवलत आहे. मग त्या बदल्यात कंपन्यांना एक अट का नसावी? 'माजी वायुसैनिकांना आणि अग्निवीरांना सशुल्क उमेदवारी द्या, त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचा वाटा ठेवा.' सवलत घेताना समाज आठवतो आणि भरती करताना फक्त 'मेरिट' आठवतं, हे चालणार नाही.

आपली मागणी आणि आपलं काम

मागण्या सरळ आहेत. एक, वायुसेना आणि डीजीसीएनं मिळून प्रत्येक ट्रेडचा तक्ता जाहीर करावा: कोणता अनुभव लायसन्सच्या कोणत्या वर्गासाठी किती धरला जाईल, आणि कोणते पेपर द्यावे लागतील. दोन, भरतीच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक तंत्रज्ञाला कामाची नोंदवही मिळावी आणि डिस्चार्जच्या दिवशी ती सही-शिक्क्यासह त्याच्या हातात पडावी. तीन, जादा नागरी अनुभवासाठी पगारी उमेदवारी असावी. चार, बार्टीनं स्पर्धा परीक्षांच्या वर्गांबरोबर विमान देखभाल लायसन्सच्या परीक्षांसाठी आणि प्रकार-प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू करावी.

पण फक्त मागून बसणारी आपली परंपरा नाही. आपल्यालाही आरशात बघायचं आहे. आपल्या वस्त्यांतल्या वाचनालयांत एमपीएससीच्या गाइडांची थप्पी असते, तांत्रिक पुस्तक एकही नसतं. शंभर पोरं एका जागेसाठी वर्षानुवर्षं झुरतात. भरती झालेल्या पोराचा आपण सत्कार करतो, पण त्याला एकदाही विचारत नाही, "बाबा, तुझा ट्रेड कोणता? पुढचं काय ठरवलंस?" आणि शहरात स्थिरावलेले आपले काही निवृत्त वायुसैनिक आडनाव लपवून सोसायटीत राहतात. त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो: तुम्ही चढलात ती शिडी वर ओढून घेऊ नका.

जे आज सेवेत आहेत त्यांनी आजपासून नोंदी ठेवाव्यात. वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन परीक्षांच्या अभ्यासाला लागावं. जे अकरावीत आहेत त्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित सोडू नये. लायसन्सची वाट तिथूनच सुरू होते. आणि ज्यांचं वय, घर, पैसा या वाटेला परवानगी देत नाही, त्यांनीही काठीच धरावी असं नाही. पत्र्यातली चीर अल्ट्रासाउंडनं, क्ष-किरणानं, रंगद्रव्यानं शोधायची कला ज्यांना येते, त्यांच्या हुन्नराचं काम शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्रींमध्ये आहे. कास्टिंग तपासावंच लागतं. त्या तपासणीचं नागरी प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं, ते घ्या. हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स जाणणाऱ्यानं इचलकरंजीच्या आधुनिक मागांकडे बघावं. चौघांनी मिळून तपासणीची छोटी संस्था काढली, तर अहवालावर सही त्यांचीच असेल.

आमचा तो भाऊ सुपरवायझरच्या जागेवर रुजू झाला. घर चालवायचं होतं, दोष त्याचा नाही. पण दर रविवारी सकाळी तो विहारात येतो. समोर आठ-दहा पोरं बसतात, त्यात चांदीच्या कामावरून आलेल्या दोन मुलीही आहेत. तो फळ्यावर पंखाचा छेद काढतो आणि विमान हवेत का टिकतं ते समजावतो. स्वतःही पेपरांचा अभ्यास करतोय. परवा एका मुलीनं विचारलं, "दादा, विमानावर सही करायला बाई चालती का?" तो म्हणाला, "लायसन्सला जात नसती, बाई-बापय नसतं. ते मिळवायच्या वाटेवर असतं सगळं. ती वाट आपण मोडायची."

हुपरीपासून माणगाव जवळच आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं शाहू महाराजांनी आपल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. तो पुढारी आपल्याला शिकायला सांगून गेला. त्या मातीतल्या पोरांनी १०० वर्षांनंतरही फक्त हात पुरवायचे आणि सही दुसऱ्यानं करायची, हे आम्हाला मान्य नाही.

विमान आपण दुरुस्त करतो. आता ते सोडायची सहीही आपली हवी.

जय भीम! जय संविधान!